पेटीतली माणसं गेली कुठे?

संशय घ्यायचा मला पगार मिळायचा. पुण्यात विमा कंपनीत क्लेम तपासायचे. नवऱ्याला लिमरिकच्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून आयर्लंडला आले, तर इथेही तेच काम पुढ्यात आलं, फक्त कागदांच्या जागी आकडे. घरचे म्हणतात, तुझ्याशी बोलताना जबानी दिल्यासारखं वाटतं. वाटू दे. काही बायका भाजीकडे बघतात, काही तराजूकडे. मी तराजूकडे बघणारी, आणि त्याची मला आजतागायत लाज वाटलेली नाही.

आमची कंपनी छोटी, ओंकारने काढलेली. ओंकार मूळचा कोथरूडचा, इथल्या विद्यापीठात मास्टर्स करायला आला आणि राहिला. मला नीताताई म्हणायचा आणि पगारवाढीचा विषय निघाला की जरा जास्तच प्रेमाने म्हणायचा. काम सोपं होतं, निदान सांगायला. कुणीही आपले आकडे घेऊन यायचं आणि विचारायचं, यात काही गडबड आहे का? आम्ही महिनाभर डोकं खपवून तीनपैकी एक उत्तर द्यायचं. गडबड आहे. गडबड नाही. किंवा, सांगता येत नाही. लोकांना वाटतं पहिल्या उत्तराला मागणी असेल. छे! सगळ्यात जास्त खपतं ते तिसरं. ते हातात पडलं की गिऱ्हाईक जगाला वाटेल ते सांगायला मोकळं.

एक नमुना सांगते. एका बस कंपनीचा मालक आला होता, संतापलेला. त्याच्या एका मार्गावर रविवारी संध्याकाळी लोक चढत होते आणि उतरत कुणीच नव्हतं. मशीनच तसं सांगत होती. ड्रायव्हर तिकिटांत काहीतरी घोळ घालतात यावर तो ठाम होता. मी एका रविवारी त्या बसमध्ये जाऊन बसले. विद्यापीठाचा थांबा आला, सगळी पोरं बॅगा घेऊन मागच्या दाराने उतरली, आणि मागच्या दारावरचं मोजणीयंत्र केव्हाच बंद पडलेलं होतं. एवढंच. पण तोवर मालकाने एका ड्रायव्हरला घरी बसवलं होतं. तो माणूस नंतर परत कामावर आला नाही.

तेव्हापासून मी नव्या माणसांना एकच सांगायचे. आकडा विचित्र दिसला की आधी विचारा, मोजणारा कुठल्या दाराशी उभा होता.

आता पॉडीबद्दल. पॉडी आमच्याकडे अर्धवेळ यायचा. पोस्टातून निवृत्त झालेला, उंच, गालांवर कायम लाली, आणि बोलायला लागला की चहा थंड होईपर्यंत थांबायचा नाही. त्याची खरी ओळख वेगळी होती. तो टॅलीवाला होता. हे समजावून सांगायला हवं. इथे अजून कागदावर मतदान होतं आणि मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर होते. टेबलांच्या कडेने कठडा असतो. पेटी उघडून मतपत्रिका उलगडायला लागले की सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते त्या कठड्यावर ओणवे होऊन, पलीकडची मतं डोळ्यांनी टिपून पेन्सिलीने खुणा करतात. एकमेकांचे कट्टर विरोधक, पण टॅली मिळून करतात. अधिकृत आकडा यायला कधी दिवस जातात. यांचा जेवणाआधी तयार असतो. कुठल्या गावाच्या पेटीत कुणाला किती पडली, कुठल्या आळीने दगा दिला, सगळं तोंडपाठ. पॉडीने उभी हयात त्या कठड्यावर काढली होती. "नीता," तो म्हणायचा, "पेटी म्हणजे गाव. पेटी खोटं बोलत नाही."

मला हे वाक्य फार आवडायचं. आमच्या धंद्यात छातीठोकपणे बोलणारा माणूस क्वचितच भेटतो.

अशात एक दिवस ओंकार उजळलेल्या चेहऱ्याने आला. मोठं गिऱ्हाईक होतं. अमेरिकन, पण आजोबा इकडचे. आजोबांच्या गावाजवळ घर घेऊन राहिलेला, आणि इंटरनेटवर स्वतःचा एक कार्यक्रम चालवणारा. त्याला अमेरिकेच्या लागोपाठच्या अध्यक्षीय निवडणुका तपासून हव्या होत्या. पॉडी त्याला पहिल्यापासून 'युअर मॅन' म्हणायला लागला. इकडे असं म्हणतात, ज्याचं नाव घ्यायचं नाही किंवा घ्यायचा कंटाळा आहे अशा माणसाला. मीही इथे तेच म्हणते.

युअर मॅन भेटायला आला तो गोड. इतका गोड, की मी लगेच सावध झाले. मला म्हणाला, "मला काही सिद्ध करायचं नाही. मला फक्त प्रश्न पडलेत." आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, आणि बहुतेकांच्या खिशात उत्तर आधीच असतं.

त्याचा पहिला प्रश्न काउंट्यांचा होता. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. अमेरिकेत काही काउंट्या अशा, की पिढ्यान् पिढ्या ज्याला त्यांनी कौल दिला तोच अध्यक्ष झाला. लोक त्यांच्याकडे डोळे लावून बसायचे. आणि मग कोविडच्या वर्षीच्या निवडणुकीत त्यातल्या बहुतेक सगळ्या एकाच वेळी चुकल्या. युअर मॅनचं म्हणणं, हे कसं शक्य आहे?

शक्य आहे. प्रत्येक नात्यागोत्यात एक काका असतात, ज्यांनी आजवर बाळंतपणाआधी मुलगा की मुलगी बरोबर सांगितलेलं असतं. चुकलेले काका कुणाला आठवत नाहीत, म्हणून हे काका ज्ञानी ठरतात. शिवाय त्या काउंट्या एकमेकींसारख्या होत्या, तशीच छोटी शहरं, तसेच कारखाने, तशीच माणसं. ती माणसं एका बाजूला सरकली, तेव्हा सगळ्या काउंट्या मिळून सरकल्या. हे मी दोन पानांत लिहून दिलं. युअर मॅनने ते वाचलं, मान डोलावली आणि विषय बदलला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न नुसता दार वाजवायला होता. खरी मेख पुढे होती.

एका काउंटीतल्या एका खेड्याच्या मतदान केंद्राचे आकडे त्याने माझ्यासमोर ठेवले. कोविडच्या आधीच्या निवडणुकीत भरपूर मतं, दोन्ही पक्षांना जवळपास सारखी. कोविडच्या वर्षी मतं एकदम पाव हिस्सा, आणि तीही जवळजवळ सगळी एकाच पक्षाला. त्याच्या पुढच्या निवडणुकीत सगळी मतं परत, पुन्हा सारखी.

"ही माणसं गेली कुठे," युअर मॅन हळूच म्हणाला, "आणि परत आली कुठून?"

खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली. आकडा घसरतो तेव्हा मी घाबरत नाही. घसरून जिथल्या तिथे परत येतो तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटतं.

आणि पॉडी! त्याचा चेहराच उतरला. त्याने ते आकडे पुन्हा पुन्हा बघितले. "नीता, अख्खं गाव असं उठून जात नाही," तो म्हणाला. "आणि गेलं तर असं मोजून परत येत नाही. माझ्या आयुष्यात मी अशी पेटी बघितली नाही. ही लूट आहे." युअर मॅनचे डोळे चमकले. त्याने पॉडीला जेवायला नेलं.

त्या काउंटीच्या निवडणुका बघणारी बाई होती लोरेन. तिकडे या पदावर निवडून यावं लागतं, म्हणजे जी बाई मतं मोजते तिलाही दर काही वर्षांनी मतं मागावी लागतात. तिची स्वतःची निवडणूक तोंडावर आली होती. आमच्या रिपोर्टात तिच्या काउंटीचं नाव येणार होतं आणि तो युअर मॅनच्या कार्यक्रमात वाचला जाणार होता. तिकडे असं नाव आलं की पुढे काय होतं, हे मी तोवर वाचलेलं होतं. नोकरी जाते ती जातेच, पण माणसं घरापर्यंत येतात. म्हणजे माझ्या एका शब्दावर एका अनोळखी बाईला सगळं चंबूगबाळं आवरावं लागणार होतं. असं काम मी फोन केल्याशिवाय करत नाही.

पहिला फोन अर्ध्या मिनिटात संपला. "कुठून बोलताय?" मी आयर्लंड म्हटलं. "कुणासाठी?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं नाव सांगता येत नाही. "मग लेखी अर्ज पाठवा." आणि फोन बंद.

हात झटकणारी माणसं मी विम्यापासून बघत आले आहे. जो काहीतरी लपवतो तो बहुधा भरभरून बोलतो, हे मला माहीत होतं. तरीपण त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ही बाई ताकास तूर लागू देत नाही, डाळीत काहीतरी काळं आहे. तो म्हणाला, तुला इस्पितळाच्या जेवणातही तेच दिसतं.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मी तिला एकच विचारलं. "त्या वर्षी टपालाने आलेली मतं तुम्ही कुठल्या दाराशी मोजली?"

या वेळी तिने फोन बंद केला नाही. मग म्हणाली, "बाई, असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. बाकीचे मला फक्त चोर म्हणायला फोन करतात."

आणि ती बोलायला लागली. कोविडच्या वर्षी लोक घराबाहेर पडेनात. बहुतेकांनी टपालाने मत दिलं. ती सगळी पाकिटं काउंटीच्या मुख्य कचेरीत उघडली, तिथेच मोजली, आणि त्यांचा एकच गठ्ठा आकडा वेगळा जाहीर केला. खेड्याच्या नावापुढे उरले ते फक्त केंद्रावर चालत जाऊन मत देणारे, आणि त्या वर्षी चालत जाणारे बहुतेक एकाच पक्षाचे होते. पुढच्या निवडणुकीआधी राज्याने नियम बदलला, टपाली मतं ज्या त्या गावाच्या नावावर परत घाला म्हणून. कुणी कुठे गेलं नव्हतं आणि कुणी परत आलं नव्हतं. मागच्या दाराने उतरले होते.

मी तिला मध्ये मध्ये आडवेतिडवे प्रश्न घातले. ती अडखळली नाही. उलट स्वतःहून सांगत गेली. पाकिटं उघडायला त्या वर्षी माणसंच मिळेनात, साथीला सगळे घाबरलेले. "शेवटी माझ्या भावाची बायको येऊन बसली टेबलावर," ती म्हणाली. "समोर दोन्ही पक्षांची माणसं खुर्च्या टाकून बसलेली, एकेक पाकीट बघत. तिला मी घरून सूप करून न्यायचे." मग जरा हसली. "तुम्ही ऐकून घेता हो. बरं वाटलं." मी तिचे आकडे जुळवून बघितले. गठ्ठा मिळवला की अख्ख्या काउंटीची बेरीज आधीच्या आणि पुढच्या निवडणुकीशी बरोबर जुळत होती.

पॉडीला पटवायला वेळ लागला. इथे टपाली मतं नावापुरती असतात, त्यामुळे पेटी आणि गाव वेगळं असू शकतं हे त्याच्या डोक्यातच शिरेना. त्याने अमेरिकेचे आकडे लिमरिकच्या कठड्यावर उभं राहून वाचले होते. पटलं तेव्हा तो म्हणाला, "त्या बाईला मी चोर म्हटलं." मी म्हटलं, तिला ऐकू गेलेलं नाही, जाऊ दे.

मी रिपोर्ट लिहिला. पहिलंच वाक्य होतं, या काउंटीत गडबड नाही.

ओंकार दार लावून माझ्यासमोर बसला. "ताई, 'सांगता येत नाही' असं नाही का म्हणता येणार?"

"सांगता येतंय, म्हणून तर सांगितलं."

"तसं नाही, पण आपण तिथे गेलो नव्हतो ना. शंभर टक्के कुणाला माहीत?"

"ओंकार, तू शंभर टक्के कोथरूडचा आहेस हे तरी कुणाला माहीत? मी शब्द बदलणार नाही. तुला बदलायचा तर माझं नाव काढ."

त्याने शब्द बदलला नाही, हे कबूल करायला हवं. रिपोर्ट जसाच्या तसा गेला. युअर मॅनने मनापासून आभार मानले. वाद नाही, तक्रार नाही. मला ते अजिबात आवडलं नाही. विकत घेतलेली वस्तू नावडली तर माणूस कुरकुर करतो. हा हसतोय म्हणजे त्याला हवं ते मिळालंय, आणि ते रिपोर्टात नाही, तर मग कशात आहे?

मग त्याने पॉडीला कार्यक्रमात बोलावलं. मी पॉडीला म्हटलं, जाऊ नकोस. "अगं, मीच सगळं समजावून येतो," तो म्हणाला. "मी चुकलो कसा, तेच सांगेन. टॅलीवाल्याचं लोक ऐकतात. इट विल बी ग्रँड." तो नवा स्वेटर घालून गेला आणि तासभर बोलून खूश होऊन आला.

काही आठवड्यांनी माझी मुलगी फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, दॅट्स पॉडी, इजन्ट इट?"

पॉडीच होता. स्वेटर घातलेला, गाल लाल. "माझ्या आयुष्यात मी अशी पेटी बघितली नाही," तो म्हणत होता. "मला वाटलं ही लूट आहे." एवढंच. 'मला वाटलं' नंतरचा तासभर गायब. त्यानंतर पडदा काळा झाला आणि एका बाईचा आवाज आला. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"शेवटी माझ्या भावाची बायको येऊन बसली टेबलावर."

लोरेनचा आवाज. आणि तिथेच तुटला. खुर्च्या नाहीत, दोन्ही पक्षांची माणसं नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओंकारला विचारलं. त्याने नजर चुकवली नाही, तेवढं धैर्य होतं. "ताई, करारातच होतं. कामाचं सगळं कच्चं सामान गिऱ्हाइकाचं. आपले कॉल रेकॉर्ड होतात, तू तिला सुरुवातीला सांगितलंही होतंस." सांगितलं होतं. सगळेच सांगतात, आणि ऐकणारा 'हो हो' म्हणतो. ते सामान बाहेर जातं, हे मला सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती.

मी म्हटलं, मग माझा रिपोर्ट छाप. तो म्हणाला, रिपोर्टही त्याचाच. "बाहेर काढला तर तो आपल्याला कोर्टात खेचेल. सात जणांची घरं चालतात इथे, ताई." खोटं बोलत नव्हता. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

पॉडी दोन दिवस कामावर आला नाही. आला तेव्हा टेबल आवरलं आणि गेला. त्यानंतरच्या मोजणीला तो हॉलमध्ये गेला नाही असं त्याच्या बायकोने मला दुकानात सांगितलं.

लोरेनने उमेदवारी मागे घेतली. तिच्या घरासमोर रोज कुणाची तरी गाडी उभी असायची आणि भावजयीने मुलांना घेऊन गाव सोडलं, हे मी तिकडच्या छोट्या वर्तमानपत्रात वाचलं. मग मी घरून, माझ्या मोबाइलवरून, तिला फोन केला. पद सोडायला तिला काही दिवस बाकी होते.

तिने माझा आवाज ओळखला. "बोला," म्हणाली.

मी सगळं सांगितलं. तुमच्याकडे काही गडबड नाही असंच मी लिहिलं आहे, पहिल्याच ओळीत.

"कुठे आहे ते?"

"ते गिऱ्हाइकाकडे आहे. त्याने छापलं नाही."

"म्हणजे ते कुणीच बघितलेलं नाही."

"नाही."

"तुम्ही फार गोड बोलला होतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "बाकीचे ओरडायचे, त्यांना मी काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं. तेच कार्यक्रमात वाजवलं."

मी म्हटलं, मी तुम्हाला रिपोर्ट पाठवते, आत्ता, माझ्या मेलवरून. तुमच्या पेपरला द्या, कुणालाही द्या. तिने फोन ठेवला.

मी रिपोर्ट पाठवला. मग ओंकारला जाऊन सांगितलं, आणि त्याच दिवशी नोकरी सोडली. तो थांब म्हणाला नाही. युअर मॅन कोर्टात जाईल म्हणून कितीतरी दिवस दारावर पोस्टमन दिसला की मी आधी पाकिटावरचा शिक्का बघायचे. पण तो कोर्टात गेला नाही. त्या रिपोर्टाची त्याला भीती नव्हतीच. तो रिपोर्ट कुठेच दिसला नाही, ना तिच्या पेपरात, ना आणखी कुठे.

आठवड्याने तिचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, "अनोळखी माणसांकडून आलेल्या फाईली आम्ही उघडत नाही, तसा कचेरीचा नियम आहे. तुमची मेल न उघडता, तुमच्या फोन नंबरसह, शेरीफकडे दिली आहे."

शेरीफ म्हणजे तिकडचा पोलीसप्रमुख. मी ते दोनदा वाचलं. नियम बरोबर आहे. ती माझ्या हाताखाली असती तर मीही तिला हेच करायला सांगितलं असतं.